भंगारातून कलात्मक फर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी लाकडं, पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा यांपासून हाताने फर्निचर करायला लागल्यापासून ठरावीक प्रश्न फिरून फिरून येतात. काही विकत घेणाऱ्यांचे, काही स्वतः करून बघणाऱ्यांचे, आणि थोडे सरळ भांडायला आलेल्यांचे. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केलेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे एक प्रश्न दुसऱ्यात शिरतो तिथे क्रमांक दिलाय.

१. रिसायकल, अपसायकल, रियूज... सगळं एकच ना?

नाही. रिसायकलिंगमध्ये वस्तू मोडून तिचा पुन्हा कच्चा माल होतो. बाटलीचा चुरा, चुऱ्याचे दाणे, दाण्यांची नवी वस्तू. एमेको कंपनीची २०१० सालची खुर्ची अशीच आहे: एका खुर्चीत किमान १११ पेट बाटल्यांचं प्लास्टिक, पण बघणाऱ्याला एकही बाटली दिसत नाही. अपसायकलिंगमध्ये वस्तूचं रूप शाबूत राहतं आणि तिची पत वाढते. दाराचं टेबल झालं तरी ते दार होतं हे कळतं. हा शब्द १९९४ मध्ये राइनर पिल्झ या जर्मन अभियंत्याच्या मुलाखतीतून पुढे आला. पाडलेल्या इमारतीच्या चांगल्या विटा फोडून त्यांचा चुरा करायचा आणि त्याला रिसायकलिंग म्हणायचं, याचा त्याला राग होता. आणि रियूज म्हणजे वस्तू आहे तशीच पुन्हा वापरणं.

माझं काम बहुतेक दुसऱ्या प्रकारचं आहे. प्लास्टिकचं मात्र पहिल्या प्रकारात जातं (प्र. १२).

२. ही आत्ताची फॅशन आहे का?

टंचाई होती तिथे हे कायमच होत आलंय, फक्त त्याला कोणी कला म्हणत नव्हतं. डिझायनर मंडळींत बघायचं तर खेरिट रीटफेल्टने १९३४ मध्ये खोक्यांना वापरतात तसल्या स्वस्त फळ्यांच्या खुर्च्या केल्या. फ्रँक गेरीची पुठ्ठ्याची नागमोडी खुर्ची १९७२ ची. पीट हाइन एकने १९९० मध्ये पदवीच्या प्रकल्पासाठी टाकून दिलेल्या रंगीत फळ्यांचं कपाट केलं आणि पुढे त्याचीच वाट धरली.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते तेयो रेमीच्या १९९१ च्या कपाटाने. इकडून तिकडून जमवलेले वेगवेगळे ड्रॉवर एकावर एक कसेही रचलेत आणि भोवती एक पट्टा आवळलाय. बघताना वाटतं, आत्ता कोसळेल. पण नीट पाहिलं तर प्रत्येक जुन्या ड्रॉवरला बाहेरून नव्या लाकडाची पेटी आहे. डोळ्यांना जुनं दिसतं, वजन नवं उचलतं. कुठलीही जुनी वस्तू हातात घेतली की मी आधी हेच ठरवतो: इथे वजन कोण उचलणार?

आणि एक वेगळं उदाहरण. मोझांबिकमधलं यादवी युद्ध १९९२ मध्ये थांबल्यावर गोळा केलेली शस्त्रं निकामी करून तिथल्या कलाकारांच्या हाती देण्यात आली. त्यातून क्रिश्टोवाओ कन्यावातो या कलाकाराने २००१ मध्ये बंदुकांच्या भागांचं सिंहासन केलं. ते आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

३. भंगारच तर आहे, मग एवढं महाग का?

साहित्य फुकट मिळतं हे अर्धसत्य आहे. ते फुकट मिळतं कारण ते साफ करण्याची मजुरी कोणाला परवडत नाही.

जुन्या दाराची एक फळी घ्या. आधी तारेच्या ब्रशने माती आणि सुटलेला रंग काढायचा. मग जोरदार चुंबक इंच इंच फिरवायचा. चुंबक अडकला तिथे खडूची खूण. खिळ्याचं डोकं गंजून गेलेलं असतं, त्यामुळे अंबुराला पकडायला काही उरत नाही. मागून ठोकून टोक वर आणायचं आणि पुढून ओढायचं. मध्येच तुटला तर बारीक पटाशीने भोवतीचं लाकूड कोरून बाहेर काढायचा. मीटरभर फळीतून मी एकदा २६ खिळे काढले आणि सुटलो म्हणालो. सत्ताविसावा रंध्याच्या पात्याला सापडला. पात्याला दात पडला आणि त्या दिवशी रंधलेल्या प्रत्येक फळीवर एक बारीक उभी रेघ उमटली. ते टेबल माझ्याच घरी आहे. अंगठा फिरवला की रेघ लागते.

शिवाय जुन्या फळ्यांत दोन सारख्या नसतात. जाडी वेगळी, एक जरा पिळलेली, दुसरी टोकाला चेपलेली. कारखान्यात एक माप घेऊन शंभर तुकडे कापतात, इथे प्रत्येक सांधा त्या त्या फळीला विचारून करावा लागतो. तुम्ही पैसे देता ते या तासांचे.

४. पहिल्यांदाच करणार आहे. कोणत्या साहित्यापासून सुरुवात करू?

जुन्या दार-खिडक्यांच्या चौकटी, मोडक्या पलंगाचे पाय, बाकांच्या फळ्या. थोडक्यात, भरीव लाकूड. भुशाचे दाबून केलेले बोर्ड सोडून द्या. त्यात एकदा स्क्रू लागला की त्याच भोकात दुसऱ्यांदा पकड येत नाही, आणि कापताना उडणाऱ्या धुळीत फॉर्मल्डिहाइडवाला गोंद असतो.

पहिली वस्तू खुर्ची नको. स्टूलही नको. भिंतीवरचं फडताळ किंवा बुटकं टेबल करा. चुकलं तर कोणी पडणार नाही.

५. पॅलेटचं (माल रचून उचलायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड घरात वापरणं सुरक्षित आहे का?

शिक्का वाचून ठरवा. देशाबाहेर जाणाऱ्या पॅलेटच्या लाकडावर कीडनाशक प्रक्रिया करावी लागते आणि तसा शिक्का मारावा लागतो. त्यात गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाची दोन अक्षरं, उत्पादकाचा क्रमांक आणि शेवटी प्रक्रियेची अक्षरं असतात. 'एचटी' म्हणजे उष्णता दिलेलं: लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं. हे चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी. हा विषारी आणि ओझोन थराला मारक वायू आहे. तसलं पॅलेट मी घेत नाही.

लोक इथे थांबतात आणि फसतात. शिक्का फक्त सुरुवातीची प्रक्रिया सांगतो, नंतर त्या पॅलेटवर काय सांडलं ते सांगत नाही. तेलकट डाग, रसायनाचा वास, अनोळखी रंगाचा ओघळ दिसला तर 'एचटी' असूनही परत ठेवा. शिक्काच नसेल तर ते बहुधा देशातल्या देशात फिरलेलं असतं. त्यावर काय केलंय हे कळायला मार्ग नाही, म्हणून मुलांच्या वस्तूंना नको.

पॅलेटच्या फळ्या पहारीने उचकटू नका, टोकं फाटतात. फळी आणि ठोकळ्याच्या फटीत धातू कापणारं पातं घालून खिळेच कापा. डोकी फळीतच राहतात, आणि दिसायलाही ती बरी दिसतात.

६. जुन्या दारावरचा उडालेला रंग मला फार आवडतो. तसाच ठेवता येईल?

रंगात शिसं नसेल तर खुशाल. जुन्या तेलरंगांत शिसं सर्रास असे. अमेरिकेत घरगुती रंगांत त्यावर १९७८ मध्ये बंदी आली, बऱ्याच ठिकाणी त्याहून पुष्कळ उशिरा. म्हणून 'फार जुना नाही' यावर विसंबू नका. तपासणीचं किट मिळतं, खात्री हवी असेल तर पापुद्रा प्रयोगशाळेत द्या.

शिसं निघालं तर कोरडं घासायचं नाही आणि ज्योतीने जाळायचं नाही. धूळ आणि वाफ, दोन्ही शरीरात जातात. खाली प्लास्टिक अंथरा, रंग ओला करून खरवडा, मग ते प्लास्टिक गुंडाळून टाका, कपडे वेगळे धुवा. नुसतं वरून वॉर्निश मारून 'बंद केलं' म्हणणारे आहेत. उंचावर टांगायच्या चौकटीला एक वेळ चालेल, पण खुर्चीच्या हातावर ते वॉर्निश घासून जाणारच. लहान मूल आहे त्या घरात शिशाचा रंग कुठल्याच रूपात देत नाही. यावर वाद घालू नका.

७. कोणतं लाकूड कितीही सुंदर असलं तरी आणू नये?

रेल्वेचे जुने स्लीपर. ते क्रिओसोट नावाच्या डांबरी तेलात मुरलेले असतात आणि ऊन लागलं की आजही वास मारतात. वरचा थर रंधून काढला म्हणून भागत नाही, तेल आत खोलवर असतं.

दुसरं, बाहेरच्या कुंपणांचं आणि डेकचं हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड. त्यात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण दाबून भरलेलं असू शकतं. त्याची धूळ नको, आणि तुकडे शेकोटीत तर मुळीच नकोत, राखेत आर्सेनिक उरतं.

८. लाकडाला बारीक भोकं आहेत. कीड जिवंत आहे की मेलेली?

फळी काळ्या कागदावर आडवी ठेवून हलकेच ठोका, कागद झटका, आणि काही आठवडे तशीच राहू द्या. मैद्यासारखी ताजी पूड पुन्हा पडली तर आत कोणीतरी जेवतंय. पूड नाही आणि भोकांच्या कडा मळकट झाल्यात, तर बहुतेक पाहुणे जाऊन काळ लोटला. तरीही मी बोरॉनचं द्रावण मारतो आणि अशी फळी इतर लाकडांपासून लांब ठेवतो.

ही भोकं नक्षी म्हणून छान दिसतात. फक्त अशी फळी पायाला किंवा बैठकीला लावू नका. वर टाचणीएवढं भोक असलं तरी आत बोगदे असतात.

९. वर्षभरात टेबलाच्या फळ्यांना तडे गेले. लाकूड तर पन्नास वर्षं जुनं होतं!

जुनं म्हणजे सुकलेलं असं नाही. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, मरेपर्यंत. पन्नास वर्षं उघड्यावर राहिलेली फळी तिथल्या हवेशी जुळलेली असते, तुमच्या एसीच्या खोलीशी नाही. घरातल्या फर्निचरला साधारण ८ ते १२ टक्के ओलावा ठीक. मीटर छोटासा मिळतो, तो घ्या. नसेल तर फळ्या ज्या खोलीत वापरायच्या तिथेच, मध्ये काड्या घालून, काही आठवडे रचून ठेवा.

पण तड्यांचं खरं कारण बहुतेकदा दुसरंच निघतं: फळ्या खालच्या चौकटीला घट्ट स्क्रूने जखडलेल्या असतात. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. त्याला जागा दिली नाही तर ते स्वतःच करून घेतं. चौकटीतलं भोक लांबट करा, म्हणजे स्क्रू सरकेल. लोखंडी सांगाड्यावर जुन्या फळ्या बसवताना ही चूक हमखास होते, कारण लोखंड त्यांच्याबरोबर हलत नाही.

१०. खिळ्याभोवतीचे काळे डाग घासून जात नाहीत. काय करू?

घासून जाणार नाहीत. खिळ्याचं लोखंड, लाकडातलं टॅनिन आणि पाणी यांची ती जवळजवळ शाई आहे. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने उतरतात. हातमोजे घाला, नंतर पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, आणि सुकल्यावर घासाल तेव्हा तोंडावर मास्क ठेवा. ते विषारी आहे.

मला विचाराल तर, राहू द्या. त्या काळ्या चंद्रांसाठीच लोक जुनं लाकूड घेतात.

११. लोखंडी ड्रमचा सोफा करायचाय. ग्राइंडरने कापू का?

थांबा. आधी त्यात काय होतं ते सांगा.

२०० लिटरचा 'रिकामा' ड्रम भरलेल्यापेक्षा धोकादायक असू शकतो. तेल, थिनर, पेट्रोल यांचा तळाशी वाटीभर अंश उरला तरी वाफ आणि हवा मिळून आत स्फोटक मिश्रण होतं. ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. पाण्याने विसळून घेतलं, झाकण दोन दिवस उघडं ठेवलं, वास येत नाही, यातलं काहीही पुरावा नाही. माझा नियम साधा आहे: पूर्वी खाद्यपदार्थ होते हे लेबलसकट माहीत असलेलाच ड्रम घ्यायचा. बाकीचे ज्यांचा तो धंदा आहे त्यांच्याकडून वाफेने साफ होऊन आले तरच.

जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करायचं असेल तर सांध्याभोवतीचा मुलामा आधी काढा. जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका. चिरलेली रबरी नळी चढवा किंवा कड आत वळवा.

१२. प्लास्टिक वितळवून स्टूलची बैठक करता येते का?

येते. वस्तूच्या बुडावरच्या त्रिकोणातला आकडा बघा. २ म्हणजे एचडीपीई, काही झाकणं आणि शाम्पूच्या बाटल्या. नवख्याला हेच सोपं. साधारण १३० अंशांना मऊ होऊन वितळतं. ५ म्हणजे पीपी, त्याला १६० च्या पुढे जावं लागतं. दोन्ही एकत्र करू नका, थंड झाल्यावर पापुद्रे सुटतात. ३ म्हणजे पीव्हीसी. ते तापवलं की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते, म्हणून त्याला हातही लावू नका. स्वयंपाकाचा ओव्हन यासाठी वापरायचा नाही. वेगळा घ्या आणि उघड्या हवेत ठेवा.

साच्यातून गरम असताना काढलं तर तबकडी पापडासारखी वाकते. पूर्ण थंड होईपर्यंत शिकंजात दाबून ठेवा. आणि पाय चिकटवायला जाऊ नका, या प्लास्टिकला साधा गोंद धरत नाही. आधी भोक पाडून स्क्रू किंवा बोल्टच लावा.

१३. पुठ्ठ्याची खुर्ची खरंच माणसाला पेलते?

पेलते. पुठ्ठ्याची पन्हळ उभी ठेवली की ती खांबांच्या रांगेसारखं काम करते. गेरीने (प्र. २) थरावर थर चिकटवताना पन्हळीची दिशा आलटून पालटून ठेवली होती, म्हणून त्याच्या खुर्चीला पाय नसूनही ती उभी राहते. शत्रू एकच: पाणी. ओल्या फडक्याने फरशी पुसणाऱ्या घरात तळाला लाकडी पट्टी लावा.

१४. टायर, काच, वॉशिंग मशीनचा ड्रम?

टायर बाहेर ठीक, बंद खोलीत रबराचा वास जात नाही. काच कापण्याआधी ती टफन केलेली नाही ना ते बघा. कोपऱ्यात शिक्का असतो, आणि तसली काच कापायला गेलात तर क्षणात तिचे खडे होतात. वॉशिंग मशीनचा ड्रम उत्तम. स्टेनलेस, गोल, आधीच भोकं पाडलेला, आत दिवा ठेवला की भिंतीवर ठिपके पडतात. (हो, सगळेच तेच करतात. तरी छान दिसतं.)

१५. दिसायला सुंदर, पण बसवत नाही. माझं काय चुकलं?

मापं. वस्तू मिळाली तशी वापरायच्या हट्टापायी लोक माणसाचं शरीर विसरतात. बैठक जमिनीपासून ४३ ते ४६ सेंटिमीटर, खोली ४० ते ४५, पाठ किंचित मागे कललेली. जेवणाचं टेबल ७२ ते ७६, आणि बैठक व टेबल यांत साधारण २८ ते ३० चं अंतर. दार ठेवलं म्हणून टेबल ९० सेंटिमीटर उंच झालं, तर ते टेबल नाही, अडचण आहे.

ताकदीची परीक्षा शांत बसून होत नाही. माणूस खुर्चीत मागे रेलतो, दोन पायांवर झुलतो, कडेवर बसून बूट घालतो. ते सगळं आधी स्वतः करून बघा. पाय आणि बैठकीच्या सांध्याला जुन्या लाकडाचा मोह टाळा. तिथे नवं, गाठ नसलेलं लाकूड घ्या आणि कुसू-खोबणीचा सांधा (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून) करा.

१६. वरून काय लावू: तेल, मेण, लाख की पॉलियुरेथेन?

हात लागणाऱ्या खडबडीत जुन्या लाकडाला तेल आणि मेण. ओरखडा पडला तर तेवढाच भाग पुन्हा करता येतो. लाखेचं पॉलिश देखणं, पण गरम कप आणि मद्य दोन्ही त्याला डाग पाडतात. जेवणाच्या टेबलाला पॉलियुरेथेन, म्हणजे प्लास्टिकसारखा कडक थर देणारं वॉर्निश. मॅट घ्या, चकचकीत घेतलं तर जुनं लाकूड प्लास्टिकचं दिसतं.

जवसाच्या तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं, घडीत ती कोंडते, आणि चिंधी आपोआप पेट घेते. मोकळी पसरून सुकवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

१७. गच्चीत किंवा बागेत ठेवता येईल का?

सांध्यांत पाणी साचणार नसेल आणि पाय ओल्या जमिनीवर टेकणार नसतील तर. पायांचे तळ, म्हणजे कापलेली आडवी टोकं, स्पंजासारखं पाणी ओढतात. तिथे वरच्या लेपाचे (प्र. १६) दोन हात जास्त द्या. पुठ्ठा अर्थातच नाही.

१८. हे खरंच पर्यावरणासाठी चांगलं आहे, की नुसती जाहिरात?

वस्तू-वस्तूवर आहे. जुन्या फळ्यांचं टेबल वीस वर्षं वापरलं गेलं तर निर्विवाद चांगलं. पण एका ओंडक्याच्या फटीत बादलीभर इपॉक्सी (घट्ट होऊन प्लास्टिक बनणारा द्रव) ओतून 'नदी' केली, तर ते लाकूड आणि प्लास्टिक आता कोणालाच वेगळं करता येणार नाही. त्याला पुनर्वापर म्हणणं मला पटत नाही. शक्य तिथे मी गोंदाऐवजी स्क्रू, पाचर, बोल्ट वापरतो, म्हणजे पुढच्याला ते उलगडता येईल. अॅल्युमिनियमचं गणित वेगळं. ते पुन्हा वितळवायला नव्याने बनवण्याच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते, म्हणून वाकडेतिकडे तुकडे हट्टाने फर्निचरला जोडण्यापेक्षा भंगारात देणं जास्त शहाणपणाचं.

१९. विकत घेताना खरं जुनं लाकूड कसं ओळखू?

वस्तू उलटी करा. नव्या लाकडाला साखळीने मारून, व्हिनेगरमध्ये लोखंड विरघळवून केलेल्या पाण्याने काळं करून 'जुनं' बनवतात. रसायन तेच, प्र. १० मधलं. पण ते वरच्या बाजूला करतात, खालच्या कोणी करत नाही. खऱ्या जुन्या फळीची झीज वापराच्या जागी असते: दाराच्या कडीपाशी, बाकाच्या मधोमध. सगळीकडे सारखी झीज म्हणजे कोणीतरी एका दुपारी बसून केलेली. खिळ्यांची भोकंही बघा. जुनी भोकं एखाद्या जुन्या आडव्या पट्टीच्या ओळीत असतात, नुसती शिंपडलेली नसतात.

नव्या लाकडाचा आधार असेल तर ती फसवणूक नाही (प्र. २). लपवला असेल तर आहे.

२०. आजोबांचं कपाट आहे, जुनाट दिसतं. तोडून टीव्ही युनिट करून द्याल का?

बहुतेकदा नाही म्हणतो, आणि लोक रागावतात. धडधाकट कपाट हे भंगार नाही. ते तोडलं की सांधे जातात, फळ्या आखूड होतात, आणि हाताशी येतं ते आधीपेक्षा कमी. पुष्कळदा दोन बिजागऱ्या बदलल्या, एक ड्रॉवर घासून सरकता केला आणि पिवळं पडलेलं पॉलिश उतरवलं की 'जुनाट' हा शब्द परत ऐकू येत नाही.

अपवाद आहेत. पाठ वाळवीने गेलीय, तळ कुजलाय, चौकट पिळलीय आणि फक्त दारं चांगली आहेत, तर दारं वाचवू, बाकीचं सोडू. हे समोरून काढलेल्या फोटोवरून कळत नाही. म्हणून विचारताना कपाटाची पाठ, जमिनीला टेकलेला तळ, आणि एक ड्रॉवर बाहेर काढून त्याचा मागचा कोपरा, असे तीन फोटो पाठवा.